चवरीचे केस

सरका, थोडं पुढं सरका. मागं खांबाला टेकून बसणाऱ्यांना कीर्तन अर्धंच पोचतं, आणि गोष्ट तर त्याहून कमी. मोबाइल गप्प केलेत ना? मग ऐका. आज जबलपूरच्या एका मुलीची गोष्ट सांगायची आहे. तिच्यात प्रेम आहे, राम आहे, मूठभर गुलाल आहे, आणि एक अशी चूक आहे की देवळात राबणाऱ्या माणसाखेरीज ती दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. रडवणार नाही, शब्द देऊन ठेवतो. फार तर डोळ्यांच्या कडा ओल्या होतील, त्या पुसायला उपरणं आहेच.

तर, चैत्र लागला होता. पाडव्याची गुढी उतरून एकच दिवस झालेला. भर दुपारी चिन्मयीनं आपली स्कूटी कमानिया गेटच्या अलीकडे लावली आणि तोंडाभोवतीचा स्कार्फ सोडण्याऐवजी आणखी घट्ट केला. उन्हात गाडी चालवणाऱ्या मुली तसा स्कार्फ बांधतातच. नुसते डोळे तेवढे दिसतात. पण दुकानात शिरताना त्या तो सोडतात. चिन्मयी सोडणार नव्हती.

नथ्थूभैयांच्या दुकानात बांगड्या, रिबिनी, गोटा, देवांचे मुकुट, सगळं एका छपराखाली. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "भैया, वो... चोटी में लगाने का..."

"क्या दीदी? ज़रा ज़ोर से!"

"ते... गंगावन."

"अच्छा, गंगावन!" मराठी बायकांना सामान विकण्यात नथ्थूभैयांचे केस पिकलेले. त्यांचा आवाज असा दणदणीत, की कमानीपलीकडच्या जिलेबीवाल्यालाही कळावं. "लंबा चाहिए कि मीडियम?"

चिन्मयीला वाटलं, या कमानीनं आत्ताच्या आत्ता आपल्यावर कोसळावं.

तेवढ्यात शेजारून कुणीतरी म्हणालं, "भैया, पहले मेरा देख लो. मुझे भी बाल ही चाहिए."

नथ्थूभैयांनी त्या उंच तरुणाच्या डोक्याकडं पाहिलं. तिथं कंगवा मोडेल असं दाट रान. "आपको?"

"मुझे नहीं. रामजी को."

त्यानं हातातला वर्तमानपत्राचा गुंडाळा उलगडला. आत चांदीची सुरेख मूठ, आणि तिच्या टोकाला केविलवाणे चार-सहा केस. देवावर ढाळायची चवरी होती ती. "देखो ना, इसके सब बाल झड़ गए," तो मराठी वळणाच्या हिंदीत म्हणाला. चेहरा असा, की घरातलं माणूसच आजारी आहे.

आणि चिन्मयीच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "डॉक्टरला दाखवलं का?"

तो वळला. डोळे चमकले. "अरे, तुम्ही मराठी! दाखवलं ना. म्हणाले, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत."

झालं! स्कार्फच्या आत चिन्मयी हसली. साधंसुधं नव्हे हो! पेटीच्या पट्ट्यांवरून कुणी भरभर बोटं फिरवावीत तसं ते हसणं वर वर चढत गेलं आणि शेवटी एका छोट्याशा उचकीवर येऊन थांबलं. किती महिन्यांनी हसली होती ती... तिचं तिलाच नवल वाटलं. तो तर बघतच राहिला. बघायला होते दोनच डोळे, पण तेवढ्यानं त्याचं भागलं.

नथ्थूभैयांनी खुंटीवरचं एक काळंभोर गंगावन काढून त्या मुठीला लावून दाखवलं. "ये बाँध दो भैया. एकदम झकास. भगवान को क्या पता चलेगा?"

"छे छे! भगवान को नकली बाल नहीं चलते," तो म्हणाला.

उचकी जागच्या जागी थांबली. चिन्मयीनं पुडकं उचललं, पैसे ठेवले आणि ती भरभर पायऱ्या उतरली. मागून हाक आली, "अहो... अहो, नाव तरी..." पण स्कूटी सुरू झाली होती.

आता तुम्ही विचाराल, पंचविशीतल्या मुलीला गंगावन, म्हणजे वेणीत गुंफायचे विकतचे केस, काहून लागावेत?

तेच तर कुणाला कळत नव्हतं. तिची वेणी मनगटाएवढी जाड होती. मग बघता बघता उशीवर केस, कंगव्यात केस, न्हाणीच्या जाळीवर केस. वेणी करंगळीएवढी झाली आणि भांग पाऊलवाटेसारखा रुंदावत गेला. ना ताप आला, ना आजार. चिन्मयी शाळेत गणित शिकवायची. फळ्यावर प्रत्येक पायरीपुढं ती मुलांकडून कारण लिहून घ्यायची, कारणाशिवाय पायरीला गुण नाहीत. आणि इथं तिच्याच डोक्यावरच्या गणितात कारणाची जागा कोरी!

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. थायरॉइड बघितलं, लोह बघितलं, सगळं ठीक. "कधी कधी कारण सापडतच नाही," त्या म्हणाल्या. "हे औषध रोज लाव, धीर धर. गळणं थांबेल बहुतेक. पहिल्यासारखे येतील असं मी सांगत नाही. पण एक ऐक, यात तुझं काही चुकलेलं नाही."

ते शेवटचं वाक्य घेऊन ती घरभर फिरली असती, पण लोक कुठं फिरू देतात! देवळात कुमुदकाकू भेटल्या की सुरू, "काय गं, टेन्शन घेऊन राहिली का तू? माका लाव. जास्वंद लाव. कांद्याचा रस लावून पाहिला?" पाहिला होता. वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलानं नाक धरलं होतं. मग तिनं रुंद भांगात काळी पावडर भरायला सुरुवात केली, आणि मान ताठ ठेवून चालायला. कुणी स्थळ आणलं की ती म्हणायची, पुढच्या वर्षी बघू.

त्यातच सुहासिनी आत्यांनी बॉम्ब टाकला.

ओमतीमागच्या गल्लीत आपलं छोटं राममंदिर आहे. रामनवमीचं जन्माचं कीर्तन तिथं वर्षानुवर्षं सुहासिनी आत्याच करायच्या. चिन्मयी लहानपणापासून त्यांच्या मागं टाळ घेऊन उभी राहिलेली. तिचं मराठीसुद्धा कीर्तनानंच टिकवलं होतं, नाहीतर तिच्या मैत्रिणी घरात आजीशीही हिंदीत बोलायच्या. यंदा आत्यांचे गुडघे म्हणाले, आता पुरे. "यंदा तू उभी राहा," आत्या म्हणाल्या. "आख्यान तुला पाठ आहे, गळा तुझा मोकळा आहे. मी समोर बसून ऐकीन."

चिन्मयीच्या अंगावर काटा आला, आनंदाचा! हेच तर तिला लहानपणापासून हवं होतं. पण दुसऱ्याच क्षणी तिचा हात भांगाकडं गेला. कीर्तनकार बाई म्हणजे नऊवारी, खोचलेला पदर, पाठीवर भरघोस वेणी नाहीतर अंबाडा, त्यात गजरा. डोलताना-नाचताना डोक्यावरचा पदर कुठला टिकायला! आणि समोर सगळं मंडळ... सगळ्या काकू... म्हणून ती कमानिया गेटला गेली होती, समजलं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तालमीला ती देवळात शिरली. बापूसाहेब, म्हणजे देवळाचे कारभारी, तबल्याशेजारी बसलेल्या एका माणसाकडं बोट दाखवून म्हणाले, "चिन्मयी, हा सिद्धेश. साताऱ्याचा. खमरियाच्या तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत नवा इंजिनिअर म्हणून आला. तबला वाजवतो, अन् आपली चवरी पण तोच दुरुस्त करून राहिला."

तो मान वर करून हसला. तेच दाट रान, तेच चमकते डोळे.

चिन्मयीच्या छातीत तबला सुरू झाला, द्रुत लयीत.

"आपण कुठं भेटलोय का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"आवाज ओळखीचा वाटला."

"जबलपुरात मराठी बोलणाऱ्या मुली किती, अन् त्यांचे आवाज किती! वाजवा."

त्यानं वाजवलं. बरं वाजवायचा. पण वाजवता वाजवता बोलायचाही. आणि चिन्मयीनं त्या संध्याकाळीच मनाशी ठरवून टाकलं, की या माणसापुढं काही झालं तरी हसायचं नाही. तिच्या हसण्याची ती उचकी! ती ऐकली की तो ओळखणार. आणि त्यानं ओळखलं, की जगात एका माणसाला कळणार नवमीला चिन्मयीच्या पाठीवर रुळणारी वेणी कुठून आली ते.

पण हसायचं नाही म्हटलं की हसू किती येतं, तुम्हाला माहीतच आहे.

"तुम्ही 'काहून' म्हणता ना," तो एकदा म्हणाला, "मला फार आवडतं."

"काहून?"

"हे बघा!"

तिनं ओढणीचं टोक दातांत धरलं.

"आणि 'करून राहिले'. आमच्याकडं माणूस काम करतो आणि मग राहतो. तुमच्याकडं करता करताच राहतो."

"तुमच्याकडं माणूस तबला वाजवतो का नुसता बोलतो?" ती म्हणाली. "ठेका चुकून राहिला तुमचा."

"चुकणारच. समोर बघावं की खाली, कळत नाही."

असं काही तो बोलला की तिचे कान गरम व्हायचे. रोज संध्याकाळ व्हायची ती वाट बघायची. शाळेत फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता खडूच्या टोकानं तिहाई वाजवायची. आई म्हणाली, "काय गं, एवढ्या उन्हात गुणगुणून काय राहिली?" तर म्हणे, पदं पाठ करतेय!

सप्तमीला तालीम संपली तेव्हा तो म्हणाला, "एक विचारू? तुम्ही हसत नाही का कधी?"

"कीर्तनाला उभी राहणार आहे मी. नाटकाला नाही."

"मी एक हसणं ऐकलं होतं," तो तबल्यावरची धूळ पुसत म्हणाला. "कमानिया गेटला. तोंडाला स्कार्फ होता, दिसले फक्त डोळे. पण हसणं... वर वर जातं, आणि शेवटी उचकी लागते. तेव्हापासून मी फॅक्टरीच्या बसमधून रोज तिथंच उतरतो. नथ्थूभैया आता मला चहा पाजतात."

चिन्मयीच्या हातातले टाळ आपोआप किणकिणले. ती टाळांकडं बघत म्हणाली, "अच्छा. अन् काय घ्यायला आली होती ती?"

"दुसऱ्याची खरेदी सांगू नये," तो एवढंच म्हणाला.

त्या रात्री तिला स्वतःचाच हेवा वाटला, म्हणजे त्या स्कार्फवाल्या मुलीचा. तिला शोधत हा रोज बस सोडतो! पण स्कार्फ सोडला की खाली कोण आहे? आणि तोच म्हणाला नव्हता का, देवाला खोटे केस चालत नाहीत? देवाला चालत नाहीत, तर...

अष्टमीला रंगीत तालीम. नऊवारी नेसून, गंगावन घालून, पाठीवर लांबलचक वेणी सोडून ती सभामंडपात आली, आणि सिद्धेशचा हात तबल्यावर पडायचा तो मांडीवर पडला. सम गेली! बापूसाहेब खो खो हसले. चिन्मयीला आधी गुदगुल्या झाल्या... मग कुठंतरी टोचलं. सम वेणीमुळं चुकली. माझ्यामुळं नाही.

तालीम संपल्यावर कोठीत जाऊन तिनं गंगावन काढलं. मानेला घाम, डोक्याला खाज. घाईत चुकीची बाजू वर येऊ नये म्हणून तिनं त्याच्या गाठीला लाल दोरा शिवला होता. गंगावन विंचरून कापडी पिशवीत ठेवलं, पिशवी पूजेच्या तबकाशेजारच्या खुंटीला अडकवली. उद्या सकाळी इथंच तयार व्हायचं होतं, घरी कशाला न्यायचं?

इथं देवानं चूक घडवली, बरं का.

नवमीच्या पहाटे बापूसाहेबांनी सिद्धेशला फोन केला. "चवरीचे केस नागपूरहून काल यायचे होते. आले असतील. कोठीत बघ, पिशवीत असतील, अन् बांधून टाक." सिद्धेश आला. कोठीत पिशवी. पिशवीत केस. विंचरलेले, झुबकेदार, वर लाल दोरा! त्याला वाटलं, नागपूरकर किती भाविक, शुभशकुनाचा दोरासुद्धा बांधून पाठवला. चवरीचे केस काळे असतात की पांढरे, याचा साताऱ्याच्या इंजिनिअरला काय पत्ता! त्यानं पक्की गाठ मारली, चांदीच्या टोपणात केस बसवले आणि चवरी देवापुढं ठेवून दिली. तोफगोळ्यांच्या कारखान्यातली गाठ ती, सुटते होय?

चिन्मयी आली तेव्हा खुंटी रिकामी.

तिनं कोठी उलटीपालटी केली. तबकं, समया, सुंठवड्याचे डबे. आईला फोन केला, "घरी आहे का गं बघ!" नव्हतं. बाहेर मंडप भरत चाललेला, बायकांचे आवाज, पाळण्याची फुलं. ती डोक्यावरून पदर गच्च ओढून सुहासिनी आत्यांपाशी गेली. "आत्या, मी नाही करत. तू बसून कर. माझं... माझं गंगावन हरवलं."

आत्यांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. "आधी आरती घे," त्या म्हणाल्या. "रडायचं ते मग रड."

आरती सुरू झाली. झांजा, घंटा, कापराचा वास. चिन्मयी डबडबलेल्या डोळ्यांनी रामाकडं बघत होती. रामाशेजारी सिद्धेश, नव्या सोवळ्यात, मोठ्या अभिमानानं नवी चवरी ढाळत होता. झुळुक... झुळुक... काळीभोर, लांबसडक, झुबकेदार चवरी. देवाच्या मुकुटावरून जाते, खांद्यावरून येते, आणि गाठीपाशी एक लाल दोरा...

लाल दोरा!

चिन्मयीनं डोळे पुसले. पुन्हा पाहिलं. तोच दोरा, तिचाच टाका. तिचं गंगावन रामाला वारा घालत होतं!

आणि मंडळी, आठवडाभर ओढणीत दाबून ठेवलेलं सगळं हसू एकदम सुटलं. वर चढलं, आणखी वर चढलं, झांजांच्याही वर गेलं आणि... उचकी!

सिद्धेशचा हात हवेतच थांबला. तोंड उघडं. डोळे तिच्यावर.

"अरे, ढाळ ना, ढाळ!" बापूसाहेब ओरडले. "देवाला उकडून राहिलं!"

आरती संपताच चिन्मयी कोठीत पळाली, तर चवरीसकट तो दाराशी हजर. "तुम्ही!" तो म्हणाला. "कमानिया गेट... तुम्हीच!" मग त्यानं तिच्या डोक्यावरचा पदर पाहिला, मग हातातली चवरी, मग पुन्हा पदर. आणि त्याचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. "म्हणजे हे... नागपूरचं नाही?"

"नथ्थूभैयांचं आहे."

"अरे देवा! मी सोडवून देतो. आत्ता. जरा पक्कड आणतो, गाठ पक्की आहे, पण..."

"थांबा." चिन्मयीला पुन्हा हसू येत होतं, आणि रडूही. "देवाला खोटे केस चालत नाहीत म्हणाला होता ना तुम्ही?"

"म्हणालो होतो," तो खाली बघत म्हणाला. "तुमचं हसणं तिथंच थांबलं, आणि तुम्ही निघून गेलात. तेवढंच एक वाक्य परत घ्यायला रोज बस सोडत होतो मी."

"म्हणजे... तुम्ही ऐकलं होतं? मी काय मागितलं ते?"

"नथ्थूभैयांचा आवाज कमानीपलीकडं गेला. मी तर शेजारीच उभा होतो."

"अन् तरी..."

"तरी म्हणजे?" तो खरंच गोंधळला. "मी हसणं शोधत होतो. त्याला केस कुठं असतात?"

बाहेर पेटीवाल्यानं सूर धरला होता.

"मग काल सम काहून चुकली?" तिनं हळूच विचारलं.

"काल?" तो कानापर्यंत लाल झाला. "तुम्ही रोज सलवार-कमीजमध्ये येता. काल नऊवारी नेसून आलात. एकदम... ते जाऊ द्या. पक्कड आणू का?"

"नको. देवाला दिलेलं परत मागते का मी?"

तिनं कोठीतल्या आरशाच्या तुकड्यात पाहिलं. काळ्या पावडरीची डबी हातात घेतली, आणि ठेवून दिली. आपले होते तेवढे केस विंचरले, त्यांचा छोटासा अंबाडा घातला, लिंबाएवढा. पदर डोक्यावरून खाली घेतला आणि कमरेला घट्ट खोचला.

ती मंडपात उभी राहिली तेव्हा कुजबुज झालीच. पंख्याच्या वाऱ्याला तिचा रुंद भांग उघडा पडला होता. तिनं रामाकडं पाहिलं, मग समोर बसलेल्या आत्यांकडं, आणि सूर लावला. मोकळा, भरदार! सिद्धेशनं ठेका धरला.

पूर्वरंगात, निरूपण करता करता ती म्हणाली, "आपण देवापुढं येताना किती झाकून येतो! मी पण आज काहीतरी झाकून येणार होते, मंडळी. माझे केस गळतात. का गळतात, डॉक्टरांना माहीत नाही, मला माहीत नाही. म्हणून मी बाजारातून केस आणले होते. पण रामानं पाहिलं, ही पोरगी माझ्यापुढं खोटं डोकं घेऊन उभी राहणार. त्यानं ते आधीच मागून घेतलं. मघाशी देवावर ढाळली ना, ती चवरी माझी वेणी होती!"

सगळ्या काकूंच्या माना चवरीकडं वळल्या. चिन्मयीला वाटलं, झालं, संपलं.

आणि बापूसाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले, "तरीच म्हटलं, इतकी झुबकेदार कशी!"

हशा उसळला हो! सुहासिनी आत्यांनी बसल्या जागेवरून "सियावर रामचंद्र की..." म्हटलं, आणि "जय!" असा गजर झाला की कळसावरची कबुतरं उडाली.

पूर्वरंग संपला की कीर्तनकाराला हार घालायची, बुक्का लावायची रीत. कुमुदकाकू बुक्का आणि गजरा घेऊन पुढं आल्या. गजरा माळायला त्यांनी तिच्या केसांकडं हात नेला... क्षणभर थांबल्या. मग तिचा टाळ धरलेला हात त्यांनी हातात घेतला आणि गजरा मनगटाला बांधला. तेलाचं नाव नाही, रसाचं नाव नाही. नुसती तिच्या गालावरून बोटं फिरवली आणि कानशिलावर मोडली.

उत्तररंग तर काय सांगू! ती नाचली, डोलली, आख्यानात अशी रंगली की डोक्यावर किती केस आहेत हे तिला आठवलंच नाही. बरोबर बाराला राम जन्माला आला. पाळण्याची दोरी ओढायला झुंबड, फुलं उधळली, गुलाल उडाला. सिद्धेश तबला सोडून एका हातानं पाळण्यावर चवरी ढाळत होता, आणि दुसऱ्या हातानं, भान हरपून, त्यानं गुलालाची मूठ भरून उडवली...

ती पडली चिन्मयीच्या डोक्यावर. नेमकी भांगात. वर्षभर जो रस्ता ती काळ्या पावडरीनं बुजवत होती, तो कपाळापासून मागपर्यंत लालीलाल!

आजूबाजूच्या पोरींनी आधी एकमेकींना कोपरानं ढोसलं. मग त्यांच्यात खसखस पिकली.

"काय झालं?" सिद्धेश म्हणाला. "डोळ्यात गेला का?"

"तुम्ही साताऱ्याचे," चिन्मयी कशीबशी म्हणाली. गाल गुलालाहून लाल. "इथं, या मुलखात, याला काय म्हणतात माहीत आहे?"

"काय?"

"मांग भरणं. अन् ती कोण भरतं, तेही माहीत नसेल."

त्यानं तिच्या भांगाकडं पाहिलं. पाळण्यातल्या रामाकडं पाहिलं. आपल्या लाल हाताकडं पाहिलं. आणि मग अगदी हळू, त्या सगळ्या गजरात फक्त तिलाच ऐकू येईल असं म्हणाला, "माहीत असतं तर... जरा नीट भरली असती. परत भरू का? विचारून?"

"आत्या ओरडतील."

"आणि तुम्ही?"

चिन्मयीनं मनगटावरच्या गजऱ्याचा वास घेतला. "मी," ती म्हणाली, "मी तर हसून राहिले." आणि हसली! वर वर... आणि उचकी.

"सिद्धेश," सुहासिनी आत्यांनी समोरून हाक मारली, "घरच्यांना साताऱ्याहून कधी बोलावतोस ते सांग. तोवर चवरी ढाळ. देवाला उकडतंय."

तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ त्यांचंही. औषध ती अजून लावते. गळणं थांबलंय, केस होते तेवढेच आहेत. नागपूरचे केस नंतर आले, पांढरेशुभ्र, आणि बापूसाहेबांनी ते कपाटात ठेवून दिले. रामनवमीला मात्र अजून ती काळीच चवरी निघते, लाल दोऱ्याची.

एवढीच गोष्ट. आता उठण्याआधी एक मागणं आहे. कधी बाजारात एखादी मुलगी दुकानाच्या कोपऱ्यात उभी दिसेल, तोंड बांधलेली, अगदी हळू आवाजात काहीतरी मागणारी. तेव्हा तिला तेलाचं नाव सांगू नका. तिच्याकडं टक लावून बघू नका. फक्त आमच्या चिन्मयीची आठवण काढा, आणि जमलंच तर शेजारी उभं राहून असं काही बोला, की ती हसेल.